निळी सुई, केशरी सुई

आमच्या सेक्टरातल्या पंजाबी मुलांना मराठीत पाचपर्यंत आकडे येतात. सहा येत नाही. पाच झाले की ती रडणं थांबवतात आणि टॉफी मागतात. चंदीगडातल्या आमच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत जे मराठी मुलांच्या बाबतीतही साधलेलं नाही, ते मेजरबाईंनी परक्यांच्या मुलांच्या मांडीत सुई टोचून साधलं. मंडळाने त्यांचा सत्कार करावा असं मी एकदा सुचवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "सत्कारमूर्ती साहित्यिक असावी लागते." मी विषय तिथेच सोडला, कारण आदल्या वर्षी सत्कार माझाच झाला होता.

मेजरबाई म्हणजे सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेल्या नर्स. गाव गडहिंग्लजजवळचं. शेवटची बदली इकडची झाली, आणि मग त्या इथेच राहिल्या. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या शेजारी एक धर्मादाय दवाखाना होता. आठवड्यातून तीन सकाळी तिथे एक तरुण बालरोगतज्ज्ञ येत. ते बाळ तपासत, कागदावर लस लिहीत आणि बोटाने आतल्या खोलीकडे दाखवत. आतली खोली बाईंची. त्या खोलीत डॉक्टरही दारावर टकटक करून जात.

घराच्या दारावरची त्यांची पाटी दाराच्या मानाने मोठी होती. सकाळचे नऊ त्यांच्या तोंडी 'झिरो नाईन हंड्रेड' असत. सलवार-कमीजवर पांढरे कडक बूट घालून त्या भाजी आणायलाही अशा निघत की कोबीवाला आपोआप ताठ उभा राही. मला थाटामाटाची ॲलर्जी आहे, आणि पहिले काही महिने मी त्यांना दुरूनच नमस्कार करत असे. मग एकदा लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या दंडाकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "काय वो प्रोफेसर, जेवता का न्हाई? तुमाला केशरी बी लांब हुईल."

केशरी म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाई लिफ्ट अडवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी समजावलं. त्यांच्या कपाटात बाळांसाठी मुख्यतः दोन सुया. एकीचं बूड निळं, ती पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर. दुसरीचं केशरी, ती सोळा मिलिमीटर आणि जास्त बारीक. बाळाच्या मांडीत लस द्यायची ती स्नायूत. वरच्या चरबीत राहिली की मांडी सुजते, लाल होते, आणि लसही नीट लागू होत नाही. बाळसं धरलेल्या पोराला म्हणून निळीच. आखूड सुई बघायला बरी वाटते, पण दुखणं मागे ठेवून जाते. एवढं होईपर्यंत चौथ्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्टचं दार बडवायला लागलं होतं.

या एका मोजमापावर बाईंनी सगळं जग लावलं होतं. खिशात पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. सुयांचं नवं खोकं आलं की एक पाकीट न फोडता पट्टीवर ठेवून बघायच्या. "कंपनी काय बी छापतीया," म्हणायच्या. तसं कधी निघालं नाही, तरी त्यांचा अविश्वास कमी झाला नाही. सुखना तलावावर फिरायला आल्या की समोरून येणारा माणूस त्यांना माणूस म्हणून दिसत नसे. "ह्याला दीड इंची. ह्याला बी दीड इंची. लोणी खाऊन खाऊन दंड बगा की कसं झाल्यात!" बाबागाडीतलं बाळ दिसलं की त्या वाकून त्याची मांडी दोन बोटांत धरत आणि आईला निकाल ऐकवत. कोणाची आई रागावली नाही. बहुतेकींना वाटे की बाई कौतुक करताहेत.

खरी लढाई आज्यांशी असे. आमच्याकडे नातवंडांना लस द्यायला आई-बाप नव्हे, आजी येते, आणि येताना मत घेऊन येते. एकदा मी खोलीच्या उघड्या दाराबाहेर बसलो असताना एक बीजी, म्हणजे आजी, नातवाला छातीशी धरून आत म्हणत होत्या, "मैडम जी, छोटी सुई लाओ जी. बच्चा ते फुल्ल वरगा ऐ." फुलासारखं बाळ, त्याला सुईही छोटी हवी.

"बीजी, घुटने में दर्द है?" बाईंनी विचारलं.

"बहोत ऐ जी."

"रजाई ओढ के बैठते हो?"

"सर्दियाँ विच होर की करिए?"

"तो बहू रजाई के ऊपर से तेल लगाए, तो घुटने को लगेगा?"

बीजी हसल्या. मग नातवाच्या गुबगुबीत मांडीकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांना कळलं की रजाई कुठे आहे. "लंबी ही ला दे," त्या म्हणाल्या, "पर हौली." म्हणजे हळूच.

तेव्हापासून 'रजाईत अडकलं' हा बाईंचा शेरा झाला. मुख्यमंत्र्यांचं भाषण रजाईत अडकलेलं. शेजारणीने सुनेला लिहिलेलं पत्र रजाईत अडकलेलं. माझं मंडळातलं व्याख्यान ऐकून त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. दोन वाक्यं पोचली." कोणती दोन ते मी अजून शोधतो आहे.

त्या मुलांशी खोटं बोलत नसत. 'मुळीच दुखणार नाही' हे वाक्य त्या खोलीत बंद होतं. "दर्द होगा. पाँच तक," असं त्या चार वर्षांच्या मुलालाही रोखून सांगत. आणि मग मोजायला मराठी घेत, कारण हिंदी हुकमासाठी होती आणि इंग्रजी रिपोर्टसाठी. एक, दोन, तीन, चार, पाच. सुई खरं तर तीनलाच बाहेर आलेली असे. पाचपर्यंत दुखेल असं सांगून तीनला संपवायचं, ही युक्ती मला कुठल्याही सरकारात आढळली नाही. तिथे हिशेब उलटा असतो.

आता एका रविवाराकडे येतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन निवृत्त सचिव होते. आयुष्यभर त्यांनी योजनांची उद्घाटनं केली होती आणि निवृत्तीनंतर उद्घाटनाविना त्यांची तब्येत उतरत चालली होती. अशात त्यांना एक योजना सुचली: 'दर्द-रहित टीकाकरण अभियान', म्हणजे न दुखणारं लसीकरण. इंडस्ट्रियल एरियातल्या एका मित्राकडून त्यांनी सुयांची देणगी मिळवली. सगळ्या केशरी. आखूड आणि बारीक, म्हणजे दुखणार नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. बाई तेव्हा पंधरा दिवस गावी गेल्या होत्या. बदली नर्सने साहेबांचं ऐकून आल्या-गेल्या प्रत्येक बाळाला केशरीच वापरली.

बाई परतल्या त्या सकाळी तीन आज्या तीन सुजलेल्या मांड्या घेऊन दारात बसल्या होत्या. तिघींचंही मत बनलं होतं की लसच वाईट, पुढची द्यायची नाही.

बाईंनी तिघींना बसवून पुन्हा रजाई सांगितली, थंड पाण्याच्या घड्या ठेवायला शिकवल्या आणि पुढच्या तारखेला यायचं वचन घेतलं. मग त्यांनी केशरी खोकी ट्रॉलीवर चढवली, ती माझ्याकडून ढकलवून चेअरमनच्या कचेरीत नेली आणि वर कागद ठेवला: 'अनुपयुक्त. परत.' खाली पूर्ण हुद्द्यासकट सही. जाताना दारात उभ्या राहून, क्लार्कला आणि आत साहेबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, मला म्हणाल्या, "ह्यो माणूसच केशरी हाय. वरच्यावर."

चेअरमनना मराठी येत नव्हतं, पण स्वर कळत होता. चार दिवसांनी बाईंना कमिटीचं पत्र गेलं. रविवारी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते अभियानाचं उद्घाटन आहे. त्या दिवसापासून देणगीच्या सुयाच वापराव्यात, अन्यथा खोलीची किल्ली जमा करावी. बाईंनी ते पत्र मला दाखवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ऐतवारी निळ्या सुईनंच लस देतो. संध्याकाळी किल्ली देतो."

एक गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. रागाच्या भरात त्यांनी कपाटातली केशरीची सगळी खोकी ट्रॉलीवर टाकली होती. त्यांत त्यांचं स्वतःचं एक जुनं, अर्धं वापरलेलं खोकंही होतं.

आणि रविवारी सकाळी आम्ही आमची मुलगी घेऊन गेलो.

मुलगी वेळेआधी सात आठवडे जन्मली होती. इस्पितळातून घरी आली तेव्हा माझ्या शब्दकोशाहून हलकी होती. दीड महिन्याच्या लशीची तारीख तिच्या काविळीत आणि मग तिच्या सर्दीत दोनदा टळली होती. त्यातच आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला असावा. मोठ्या मुलाला तो छळतो. एवढ्याशा बाळाचा श्वासच अडतो. त्यावरची लस म्हणजे तीच, दोनदा टळलेली. जिन्यावरून तो खोकला ऐकू आला की माझी बायको आतल्या खोलीचं दार लावून घेई. लावल्यावर हातानेही धरून ठेवी. मी दरम्यान सापडेल ते सगळं वाचून काढलं होतं आणि त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नव्हता.

तरुण डॉक्टरांनी तिला तपासलं. वजन अडीच किलोच्या आतच होतं. "दोन लशी आहेत, एकेका मांडीत एक. आजच देऊ या, उशीर नको," म्हणाले आणि बोटाने आतल्या खोलीकडे दाखवून बाहेर मंडपात जाऊन बसले, कारण त्यांचंही नाव पत्रिकेत होतं.

बाईंनी दुपटं सोडलं. दोन बोटांत मांडी धरली. माझ्या अंगठ्यापेक्षा फार जाड नव्हती ती मांडी. नेहमीचा निकाल ऐकू येईना म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

त्या उठल्या आणि कपाट उघडलं. वरच्या खणात निळी खोकी ओळीने. खालचा खण रिकामा. त्यांनी रिकाम्या खणात हात फिरवला, जणू सुई दिसत नसली तरी हाताला लागेल.

"पोरी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "हिला निळी चालायची न्हाई. हाडाला लागंल."

"निळीच अर्धी टोचली तर?" मी म्हणालो. वाचलेलं होतं.

"अर्धी? आन् तिनं लाथ मारली तर? अंदाजानं टोचायला मी काय सुपारी फोडतोय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हिच्यासारख्यांसाठीच ठेवलं हुतं अर्धं खोकं. मी, मी सोताच्या हातानं परत केलं."

केमिस्टकडे मी धावत जाऊन आलो. एक दुकान बंद, दुसऱ्यात एकतर इंची सुया, नाहीतर इन्सुलिनच्या. परत आलो तेव्हा वरच्या मजल्यावरचा तो मुलगा मंडपात आजीच्या मांडीवर बसून खोकत होता. माझी बायको खोलीत भिंतीकडे तोंड करून, मुलीला पदराखाली घेऊन उभी होती.

सोळा मिलिमीटरच्या सुया सबंध सेक्टरात एकाच ठिकाणी होत्या. मंडपात, स्टेजवर, टेबलावर. साहेबांनी त्या खोक्यांचा मनोरा रचवून घेतला होता आणि त्याला भोवताली लाल साटीनची फीत बांधली होती. प्रमुख पाहुणे झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि साहेब माइकवर वेळ काढत होते. "बच्चे का आँसू, समाज का आँसू," असं काहीतरी चाललं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेली गोष्ट होती. ज्याच्याकडे जायचं नव्हतं, त्याच्याकडेच त्यांना जावं लागणार होतं. जेमतेम तीन मोजण्याइतका वेळ त्या तशा उभ्या होत्या. मग त्यांनी पांढऱ्या बुटांची नाडी आवळली आणि निघाल्या.

मधल्या वाटेने त्या स्टेजकडे येताना दिसल्या तेव्हा मंडपातल्या सगळ्या माना वळल्या. पत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. साहेबांना वाटलं किल्ली आली. त्यांनी मोठ्या मनाने हसून माइक पुढे केला. हा माणूस समोर आलेल्या कोणालाही माइक देई, ती त्याची सवय होती. एकदा पाणी भरणाऱ्या बाईलाही दिला होता.

बाईंनी माइक घेतला आणि सावधान उभ्या राहिल्या.

"चेअरमन साहब. दो सुई चाहिए. केशरी."

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत कोणीतरी "वाह जी वाह!" म्हणालं. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"सिर्फ दो. बाकी सब को नीली ही लगेगी, आज भी. लेकिन अंदर एक बच्ची है, बहुत छोटी. उस को नीली नहीं चलेगी. मेरे पास केशरी थी, मैंने गुस्से में वापस कर दी. गलती मेरी है. चाबी आप शाम को ले लेना. सुई अभी दे दो."

साहेब मनोऱ्याकडे बघत राहिले. फीत पाहुण्यांसाठी होती. कात्री एका मुलीच्या हातात, तबकात होती. फोटोग्राफर टेबलासमोर आधीच गुडघा टेकून बसला होता. सचिवालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला फीत म्हणजे काय वाटते, हे मला कोणी सांगूनही कळणार नाही. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, गाडी नव्हती. तेवढ्यात मंडपातला तो मुलगा पुन्हा खोकला, लांबलचक, श्वास ओढत, आणि मधल्या शांततेत ते सगळ्यांनी ऐकलं.

"कितनी छोटी?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी दोन्ही हातांनी दाखवलं. माझ्या शब्दकोशापेक्षा थोडं कमी.

साहेबांनी तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली. फोटोग्राफरला सुचलंच नाही, त्यामुळे त्या घटनेचा फोटो नाही. वरचं खोकं हाताशी होतं, पण त्यांनी घाईत मधलंच ओढलं आणि अख्खा मनोरा स्टेजभर पसरला.

त्या संध्याकाळी किल्ली कोणी मागितली नाही आणि बाईंनी दिली नाही. ते खोकं पुढे कपाटाच्या खालच्या खणात राहिलं. त्यावर बाईंनी जाड पेनने लिहिलं: 'चेअरमन साहब'. लहान बाळ आलं की त्या मदतनीस मुलीला ओरडून सांगायच्या, "चेअरमन साहब को निकालो!" हा मान की शेरा, हे मी त्यांना विचारलं होतं. "आत जेवढं जायला पायजे तेवढंच जाती ती," त्या म्हणाल्या. साहेबांनी तो मानच धरला होता आणि सोसायटी बघायला येणाऱ्यांना ते कपाट मुद्दाम दाखवत. दोन वर्षांपूर्वी बाई गडहिंग्लजला गेल्या. जाताना पट्टी नव्या नर्सला दिली, तिची परीक्षा घेऊन.

पण सुई टोचल्याचं सांगायचं राहिलं.

बाई आत आल्या, मागोमाग खोकं हातात घेऊन साहेब. त्यांना बाहेर थांबा म्हणण्याचं कोणालाच सुचलं नाही. बाईंनी हात धुतले. पाकीट फोडण्याआधी सवयीने पट्टी काढली, पाकिटाला लावली आणि परत खिशात ठेवली. सोळा. बायकोने मुलीला धरलं. मी बायकोला धरलं.

बाई मोजायला विसरल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ओठ घट्ट मिटलेले, हात मात्र एखाद्या टेबलासारखा स्थिर. खोली इतकी शांत झाली की मला माझ्या घड्याळाचा राग आला. आणि मग माझ्या मागून, जरा घोगऱ्या, योजना वाचून दाखवण्यासाठी कमावलेल्या आवाजात, कोणीतरी म्हणालं,

"एक... दोन... तीन..."

साहेबांच्या तिन्ही नातवंडांना बाईंनीच लस दिली होती.

तीनला सुई बाहेर आली. मुलगी रडली. तिच्या रडण्याला एवढा मोठा आवाज आहे हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. बाईंनी कापूस दाबला आणि मान न वळवता म्हणाल्या, "हो गया, साहब."

"आप ने पाँच कहा हुआ है, मैडम," साहेब म्हणाले. बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. "चार," त्यांनी म्हटलं, आणि थोडं थांबून, "पाच." मग त्यांनी खोक्यातून दुसरी सुई काढून बाईंपुढे धरली.